पहिला प्रोग्रॅम घरच्या ऊसबिलाचा

प्रोग्रॅमिंग शिकायचं ठरलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात: भाषा कुठली, क्लास कुठला, लॅपटॉप केवढ्याचा. या चौकशीत महिना जातो आणि एक ओळही लिहून होत नाही. आधी ठरवायचं ते वेगळंच. कॉम्प्युटरकडून कुठला हिशोब करून घ्यायचा? आणि तो हिशोब असा हवा, की त्याचं उत्तर तुम्हाला कागदावर काढता येतं. उत्तर आधीच हातात असेल तरच मशीनने चूक केली हे कळतं. नाहीतर स्क्रीनवर आकडा उमटला म्हणजे तो बरोबरच, असं धरून माणूस पुढे जातो.

सांगली जिल्ह्यात असा हिशोब शोधायला लांब जायला नको. वाळव्यात, पलूसमध्ये, कडेगावात, मिरजेच्या आसपास, घरातल्या नाहीतर शेजारच्या कपाटात कारखान्याच्या काटापावत्या आणि पंधरवड्याची बिलं असतातच. तोच आपला पहिला प्रोग्रॅम.

आधी कागद

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, अशी आहे: १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) क्विंटलला ३५५ रुपये. उतारा त्याहून जास्त असेल तर दर ०.१ टक्क्यामागे ३.४६ रुपये वाढतात, कमी असेल तर तेवढेच कमी होतात. पण ९.५ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी दर ३२९.०५ च्या खाली जात नाही.

आता उतारा ११.८५ धरा. १०.२५ पेक्षा तो १.६ ने जास्त, म्हणजे १६ वेळा ३.४६, म्हणजे ५५.३६. दर झाला क्विंटलला ४१०.३६, टनाला ४,१०३.६०. तोडणी-वाहतूक टनाला ९०० धरली (तुमच्या बिलावर असेल तो आकडा घ्या) तर हातात ३,२०३.६०. ऊस ६० टन, तर बिल १,९२,२१६ रुपये. खऱ्या बिलात सोसायटीची वसुली आणि बाकीच्या कपाती असतात, कारखान्याने जाहीर केलेला दरही वेगळा असू शकतो. शिकण्यापुरतं एवढं पुरे.

हा कागद लॅपटॉपशेजारी ठेवा. १,९२,२१६ हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

भाषा आणि मशीन

भाषा पायथॉन. गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणली. आजची पायथॉन ३ ही २००८ पासूनची. सुरुवातीला ती बरी पडते कारण लिहायला ओळी कमी लागतात आणि चूक झाली तर संदेश बऱ्यापैकी समजेल असा येतो. सांगलीच्या वालचंद कॉलेजला असा नाहीतर एखाद्या बीसीएला, अभ्यासक्रमात सी असेल तर सी शिकावीच लागेल. ती १९७२ च्या सुमाराची भाषा आहे आणि आजही जोरात चालते. फक्त टर्बो सी च्या निळ्या खिडकीत ती शिकू नका. तो तीस वर्षांपूर्वीचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) आहे, त्यात चालणारं बरंच काही जीसीसी या आजच्या कंपायलरमध्ये चालत नाही. एमएस-सीआयटी झालं असेल तर फाइल, फोल्डर, टायपिंग यांचा फायदा होईल. प्रोग्रॅमिंग मात्र त्यात येत नाही.

मशीन जुनं चालतं. ४ जीबी रॅमवर पायथॉन आरामात पळतं. अडचण येते ती विंडोज ७ वर, कारण पायथॉन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर बसत नाहीत, ३.८ घ्यावी लागते. पहिल्या महिन्यापुरती तीही पुरते. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ टाका, किंवा ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. फोनवर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा नीट ठेवणं जिकिरीचं होतं. तरी अडून बसण्यापेक्षा ते बरं.

विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर तळाशी पायथॉन 'पाथ'मध्ये टाकायची एक चौकट असते. ती टिक केल्याशिवाय इन्स्टॉल दाबू नका. ती राहिली तर कमांड प्रॉम्प्टवर पायथॉन लिहिल्यावर आज्ञा ओळखता येत नाही असं उत्तर येतं, नाहीतर सरळ मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, आणि लोकांना वाटतं इन्स्टॉलच झालं नाही. इन्स्टॉलर पुन्हा चालवा, मॉडिफाय निवडा आणि पुढच्या पडद्यांवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची चौकट टिक करा, झालं.

पायथॉनबरोबर आयडल नावाचा साधा एडिटर येतो. व्हीएस कोड चांगला आहे, पण पहिल्या दिवशी त्याची बटणं शोधण्यातच वेळ जातो, तो नंतर. आयडल उघडल्यावर तीन बाणांची खूण असलेली खिडकी दिसते, तिला शेल म्हणतात. तिथे एकेक ओळ चालवून बघता येते, पण प्रोग्रॅम साठत नाही. म्हणून कंट्रोल-एन दाबून नवी फाइल उघडा, तिच्यात लिहा, कंट्रोल-एसने सेव्ह करा आणि एफ-५ ने चालवा. काही लॅपटॉपवर एफ-५ साठी एफएन बटणही सोबत धरावं लागतं. नोटपॅडमध्ये लिहिलंत तर फाइल .पीवाय.टीएक्सटी अशा दुहेरी शेपटाने सेव्ह होते आणि विंडोज मागचं शेपूट लपवतं. मग 'फाइल तर पीवायच आहे, चालत का नाही' म्हणून तासभर डोकं खाजवत बसाल. आणि फाइलला रँडम किंवा कॅलेंडर असं नाव देऊ नका. पायथॉनकडे त्या नावाच्या स्वतःच्या गोष्टी आहेत, पुढे त्या मागितल्या की तुमचीच फाइल समोर येते.

पाच ओळी

इथे कोड देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्ष फाइलमध्ये प्रिंट, इनपुट, फ्लोट, राउंड, इफ, एल्स, फॉर, इन, डेफ, रिटर्न हे पायथॉनचे शब्द इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायचे. आकडेही इंग्रजीच. टनेज, दर, बिल ही नावं तुमची. पायथॉन ३ मध्ये ती देवनागरीत चालतात, पण दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलावा लागतो, तेव्हा मराठी नावंच रोमन लिपीत ठेवा. एक्स, वाय, ए-१ अशी नावं नकोत. आठ दिवसांनी त्यांचा अर्थ तुम्हालाच लागणार नाही.

टनेज = फ्लोट(इनपुट("टनेज किती? "))
दर = फ्लोट(इनपुट("टनाला दर किती? "))
तोडणी = फ्लोट(इनपुट("टनाला तोडणी-वाहतूक किती? "))
बिल = टनेज * (दर - तोडणी)
प्रिंट("बिल:", राउंड(बिल, २))

हे कुठून कॉपी करू नका, हाताने टाइप करा. विशेषतः व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून आलेला कोड तसाच चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी आलेली असतात. दिसायला सारखीच, पण पायथॉन 'चुकीचं चिन्ह' म्हणून तिथेच थांबतं.

चालवा. ६०, ४१०३.६ आणि ९०० द्या. उत्तर १९२२१६.० आलं पाहिजे. स्वल्पविराम नसतील आणि शेवटी पॉइंट शून्य असेल, ते ठीक आहे.

आता मुद्दाम बिघडवून बघा. शिकण्याचा खरा भाग इथे आहे.

चौथ्या ओळीतला कंस काढा: टनेज * दर - तोडणी. प्रोग्रॅम हूं की चूं न करता चालेल आणि २४५३१६.० सांगेल. गुणाकार आधी झाला, म्हणून साठ टनांची तोडणी वजा होण्याऐवजी एकाच टनाची झाली. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही, फक्त ५३,१०० रुपये जास्त. कागदावर १,९२,२१६ लिहिलेलं नसतं तर हे सापडलंच नसतं. नवखा माणूस लाल अक्षरांना घाबरतो, पण ती चूक दाखवतात तरी. घाबरायचं ते अशा गप्प चुकीला.

दुसरं: फ्लोट काढून टाका, नुसतं इनपुट ठेवा. आता वजाबाकीच्या जागी टाइपएरर येईल. इनपुट जे देतो ते मजकूर असतं, संख्या नव्हे; फ्लोट त्याची संख्या करतो. मजकुरातून मजकूर वजा होत नाही. बेरीज मात्र होते, आणि तीच जास्त धोक्याची. दोन खेपा १४ आणि १५ टनांच्या असतील आणि फ्लोट विसरला असाल, तर पायथॉन त्या शेजारी-शेजारी चिकटवून १४१५ म्हणतं.

गंमत म्हणजे विचारलेल्या जागी कोणी ६० हा आकडा मराठी अंकांत टाइप केला तरी फ्लोट तो बरोबर वाचतो. कोडच्या ओळीत मात्र मराठी अंक चालत नाहीत.

लाल मजकूर आला तर शेवटची ओळ आधी वाचा. एररचं नाव आणि कारण तिथे असतं, ओळीचा नंबर तिच्या जरा वर. नेमएरर म्हणजे बहुधा स्पेलिंग: वर टनेज आणि खाली टनज. सिंटॅक्सएरर म्हणजे कंस, अवतरण किंवा कोलन राहिलं. दाखवलेल्या ओळीत काहीच चूक दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ बघा. जुन्या आवृत्त्यांत न मिटवलेल्या कंसाची तक्रार पुढच्या ओळीवर निघते. प्रिंटनंतर कंस नाही अशी तक्रार आली तर तुम्ही पायथॉन २ च्या पुस्तकातून शिकताय. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, ते पुस्तक रद्दीत द्या.

दर मशीनलाच काढू द्या

आतापर्यंत टनाचा दर आपण हाताने दिला. आता उतारा देऊन दर काढून घेऊ. त्यासाठी फंक्शन लागतं, म्हणजे नाव देऊन ठेवलेला, हवा तेव्हा वापरता येणारा हिशोब, आणि अट.

डेफ टनदर(उतारा):
    इफ उतारा < ९.५:
        क्विंटल = ३२९.०५
    एल्स:
        क्विंटल = ३५५ + (उतारा - १०.२५) * ३४.६
    रिटर्न राउंड(क्विंटल * १०, २)

०.१ टक्क्याला ३.४६, म्हणजे पूर्ण एका टक्क्याला ३४.६. उतारा १०.२५ पेक्षा कमी असेल तर कंसातली संख्या आपोआप उणे येते आणि दर घटतो, वेगळी अट लागत नाही. शेवटचं * १० हे क्विंटलचं टन करण्यासाठी. ते विसरून फंक्शनचं उत्तर दर म्हणून वापरलंत तर टनाला ४१०.३६ मधून ९०० वजा होतील आणि ६० टन ऊस घालून वर तुम्हीच कारखान्याचं २९,३७८ रुपये ४० पैसे देणं लागाल.

आत सरकवलेल्या ओळींना चार-चार स्पेस. आयडल कोलननंतर एंटर दाबल्यावर स्वतःच सरकवतं, तेवढ्यावर विसंबा. नोटपॅडमधला टॅब आणि आयडलमधल्या स्पेस एकाच फाइलमध्ये मिसळल्या की डोळ्यांना ओळी सरळ दिसतात, पायथॉनला नाही.

बरेच जण इथे तीन अटी लिहितात: १०.२५ पेक्षा जास्त, १०.२५ पेक्षा कमी, ९.५ पेक्षा कमी. तसंही चालतं, पण क्रम सांभाळावा लागतो. पायथॉन वरून खाली येतं आणि पहिली खरी ठरलेली अट घेऊन बाकीच्या सोडून देतं. ९.०५ हा १०.२५ पेक्षाही कमीच आहे. ती अट वर असेल तर ९.५ ची अट कधी तपासलीच जात नाही आणि दर ३२९.०५ ऐवजी ३१३.४८ निघतो. अरुंद अट वर, रुंद खाली.

म्हणून तपासणी एकाच आकड्यावर थांबवू नका. प्रिंट(टनदर(१०.२५)) अशा ओळी लिहून अट जिथे बदलते ते आकडे द्या: १०.२५ ला ३५५०, ९.५ ला ३२९०.५, ९.०५ ला पुन्हा ३२९०.५, ११.८५ ला ४१०३.६. चारही कागदाशी जुळले की फंक्शन पक्कं.

आता एक खोड. शेलमध्ये नुसतं ११.८५ - १०.२५ लिहून एंटर दाबा. १.६ येणार नाही, १.५९९९९९९९९९९९९९९६ येईल. कॉम्प्युटर संख्या दोनच्या घातांत (अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांत) साठवतो. आपल्याला जसा एक तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा त्याला ११.८५ पुरा लिहिता येत नाही. फरक सोळाव्या दशांश स्थानावर आहे, एरवी कोणाला कळणारही नाही. पण समजा तुम्ही 'दर ०.१ टक्क्यामागे' हे शब्दशः घेतलं, फरकाला ०.१ ने भागलं आणि पूर्ण पायऱ्या मोजण्यासाठी इंट लावला. इंट दशांशाच्या पुढचं सगळं कापतो. १५.९९९ चे १५ होतात, १६ नाही. एक पायरी गेली: टनाला ३४ रुपये ६०, साठ टनांना २,०७६ रुपये. आणि ही चूक काही उताऱ्यांवर दिसते, काहींवर नाही, त्यामुळे शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

पूर्ण पायऱ्या मोजणंच इथे चूक आहे, हे खुद्द सरकारी आकड्यातून कळतं. १०.२५ पासून ९.५ पर्यंत साडेसात पायऱ्या आहेत. ३.४६ च्या साडेसात पट २५.९५, आणि ३५५ मधून ते वजा केल्यावरच ३२९.०५ मिळतात. अर्धी पायरीही धरलेली आहे. म्हणून वरच्या फंक्शनमध्ये सरळ गुणाकार आहे आणि राउंड फक्त शेवटी. पैशांच्या कुठल्याही हिशोबात मधल्या टप्प्यावर कापाकापी करू नका.

अजून एक सुधारणा. ३५५, १०.२५, ९.५, ३२९.०५, ३४.६ हे आकडे फंक्शनच्या पोटात न ठेवता फाइलच्या अगदी वर नावं देऊन लिहा. २०२४-२५ च्या हंगामाला दर ३४० होता, पायरी ३.३२ ची (टक्क्याला ३३.२) आणि किमान दर ३१५.१०. जुनं बिल तपासायचं तर ३५५, ३२९.०५ आणि ३४.६ हे तीन आकडे बदलले की झालं.

खेपा

ऊस एकाच गाडीत जात नाही. पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन असतं. निव्वळ वजनं एका यादीत घालू:

खेपा = [१४.३२०, १५.१८५, १३.८७०, १६.६२५]
एकूण = ०
फॉर खेप इन खेपा:
    एकूण = एकूण + खेप
प्रिंट(राउंड(एकूण, ३))

उत्तर ६०.०. इथे दोन चुका जवळजवळ प्रत्येकाकडून होतात. एकूण = ० ही ओळ फॉरच्या आत गेली, तर प्रत्येक खेपेला बेरीज पुसली जाते आणि शेवटच्या गाडीचे १६.६२५ तेवढे उरतात. आणि प्रिंट चार स्पेस आत सरकला, तर १४.३२, २९.५०५, ४३.३७५, ६०.० अशा चार ओळी येतात. ही दुसरी 'चूक' मुद्दाम वापरा: बेरीज कुठे बिघडते ते शोधायचं असेल तेव्हा लूपच्या, म्हणजे फॉरच्या, आत एक प्रिंट टाकणं हे सगळ्यात स्वस्त औजार आहे.

पुढची पायरी म्हणजे वजनं कोडमध्ये न लिहिता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवणं, एका ओळीत एक. ती फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असू द्या, नाहीतर 'फाइल सापडत नाही' असं येईल. तिच्यात मराठी मजकूर असेल, समजा गाडीवाल्याचं नाव, तर उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं सांगा. विंडोज एरवी वेगळी लिपीसारणी धरतो आणि अक्षरांचा चुथडा होतो. फाइलच्या शेवटी रिकामी ओळ राहिली तर फ्लोट तिच्यावर व्हॅल्यूएरर देतो, तेव्हा रिकाम्या ओळी आधी गाळा.

रोज किती, आणि मदत कुणाची

रोज पाऊण तास, पण हात कीबोर्डवर. रविवारी सहा तास बसून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. व्हिडिओ बंद करून तेच कोऱ्या फाइलमध्ये लिहा, मग काय समजलं ते कळेल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे फुकट आहेत. इंग्रजीची भीती नसेल तर हार्वर्डचा पायथॉनचा फुकट कोर्स उत्तम, त्यातला गृहपाठ मात्र सोडू नका. क्लास लावायचाच असेल तर आधी विचारा, की पहिल्या महिन्यात विद्यार्थी स्वतः किती प्रोग्रॅम लिहितो. उत्तर सर्टिफिकेटवर आलं तर दुसरा क्लास बघा.

एआयला 'ऊसबिलाचा प्रोग्रॅम लिहून दे' म्हटलं तर तो लगेच देईल, आणि तुम्ही होता तिथेच राहाल. अडल्यावर एररचा लाल मजकूर देऊन 'याचा अर्थ काय, दुरुस्त करून देऊ नकोस' असं विचारा.

पाच-सहा आठवड्यांत हे सगळं हातात बसलं की दूध डेअरीचा दरतक्ता घ्या. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांच्या जोडीवर लिटरचा दर ठरतो, त्यासाठी डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक जोडीपुढे तिचा दर लिहून ठेवणारी पायथॉनची यादी, शिकावी लागेल. बेदाण्याच्या बॉक्सचा हिशोब सोपा आहे, तो मधे कधीतरी करून टाका.

त्याआधी ऊसबिलाचा प्रोग्रॅम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, काकांच्या किंवा धाकट्या भावाच्या, आणि शेजारी गप्प बसा. ते '६० टन' टाइप करतील, उताऱ्यापुढे टक्क्याची खूण टाकतील, दर '४,१०३' असा स्वल्पविरामासकट देतील. तिन्ही वेळा प्रोग्रॅम व्हॅल्यूएरर देऊन बंद पडेल. इनपुटमधला स्वल्पविराम आणि टक्क्याची खूण रिप्लेसने काढा, ट्राय-एक्सेप्ट (एरर आल्यावर बंद न पडता काय करायचं ते सांगणारे शब्द) लावून 'फक्त आकडा टाका' असं मराठीत सांगा आणि पुन्हा विचारा. आणि उतारा १०० च्या वर किंवा टनेज उणे आलं तर हिशोब करण्याआधीच थांबवा.